ओटीवरचा दवाखाना

दिवाळीला चाळीसगावला गेले की वसुबारसेपासूनच आमच्या ओटीवर माझा दवाखाना भरतो. दाराला पाटी नाही, गळ्यात नळी नाही, आणि फी म्हणाल तर उलटीच : रोग्यालाच शेव-चकल्यांची ताटली मिळते. गल्लीतली माणसे एकेक करून येतात. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला रात्री झोप नाही, कुणाच्या नातवाच्या अंगावर पुरळ उठले आहे. “तू आता डॉक्टर झालीस ना?” असे विचारतात खरे, पण उत्तराची वाट कुणी पाहत नाही. तोवर गुडघा पुढे आलेला असतो.

मी डॉक्टर आहे हे खोटे नाही. तीन वर्षांपूर्वी मला तशी पदवी मिळाली. नानांनी पेढे वाटले आणि पेढे वाटताना कसली डॉक्टर हे सांगायचे त्यांनी सोयीस्करपणे टाळले. माझी डॉक्टरकी माणसांची नव्हे, पेशींची. कर्करोगावर मी काम करते; पण कर्करोगाच्या रोग्याला मी कामाच्या जागी कधी हात लावलेला नाही. पहिल्या वर्षी हे सारे मी प्रत्येकाला समजावून सांगत असे. लोक शांतपणे ऐकून घेत, मान डोलावीत आणि म्हणत, “बरं, मग गुडघ्याला काय लावू?” दुसऱ्या वर्षापासून मी शेक घ्यायला सांगू लागले.

माझे खरे काम काय ते घरात सगळ्यांत आधी कळले आईला. खारघरच्या आमच्या संस्थेत मी चपट्या, पारदर्शक बाटल्यांतून पेशी वाढविते. बाटलीच्या तळाशी पेशी चिकटून बसतात; वर त्यांच्या अन्नाचे गुलाबी पाणी. सदतीस अंशांच्या उबेत त्या वाढतात. अन्न सरत आले, आंबले, की पाणी पिवळे पडते. दोन-तीन दिवसांनी जुने पाणी काढायचे, पेशी सोडवायच्या, त्यांतल्या थोड्या नव्या बाटलीत नव्या पाण्यात घालायच्या. रविवार नाही, गणपती नाही. एखादा बुरशीचा कण आत शिरला की महिन्याची मेहनत मोरीत. एवढे ऐकून आई म्हणाली, “म्हणजे तू विरजण सांभाळतेस!” मी आजवर कित्येक परिषदांत माझ्या कामाचा परिचय करून दिला आहे, इतक्या थोडक्यात मला तो कधी देता आला नाही. त्या गुलाबी पाण्यात वासराच्या रक्तातली लस असते, एवढे मात्र मी तिला अजून सांगितलेले नाही.

या वाटेला मी कशी लागले, असे मुलाखतीत विचारतात. जवळच्या कुणाच्या तरी आजारपणाची गोष्ट सांगावी अशी तिथे अपेक्षा असते. माझी तशी गोष्ट नव्हती. मला पाहायची हौस होती, एवढेच.

नानांचा छोटा फोटो स्टुडिओ होता. मागे एक अंधारखोली : तांबडा दिवा, तीन तबके, हायपोचा आंबूस वास. सहा-सात वर्षांची होते तेव्हापासून मला आत यायची परवानगी होती. अट एकच, दार उघडायचे नाही. नाना कोरा कागद पहिल्या तबकात सोडत आणि चिमट्याने हलवीत राहत. आधी काही नाही. मग एक भुवई, मग शर्टाची कॉलर, आणि बघता बघता तहसील कचेरीत अर्ज करणारा एक घाबरलेला गृहस्थ कागदावर येऊन बसे. “घाई केलीस तर तो फिका राहील, उशीर केलास तर काळा पडेल,” नाना म्हणत. पुढे रंगीत फोटो आले, मग संगणक आला, आणि २००४ साली ती खोली बंद झाली. आता तिथे गव्हाच्या कोठ्या आहेत. पण मी रोज ज्या खोलीत बसते तीही अंधारीच आहे. पेशींना लावलेला रंग हिरवा-निळा उजळतो तो अंधारातच दिसतो, आणि पडदा ओढून घेताना “दार उघडायचं नाही” हे वाक्य मला हमखास आठवते.

नानांचा देव म्हणजे केकी मूस. चाळीसगावाबाहेर हे नाव फारसे कुणाला ठाऊक नसेल. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत विलायतेत कला शिकला, चाळीसगावला स्टेशनाजवळच्या बंगल्यात येऊन राहिला आणि १९८९ साली वारला तोवर जवळजवळ पन्नास वर्षे घराबाहेर पडला नाही, असे सांगतात. मुंबईहून गाडीने कुणीतरी यायचे होते, तिच्यासाठी रोज रात्री दार उघडे ठेवून तो बसे, अशीही एक कथा गावात आहे. ती खरी किती, कुणास ठाऊक. खरी आहेत ती त्याची छायाचित्रे. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, हवा तसा प्रकाश पाडायचा आणि अख्खा देखावा उभा करायचा. एका टेबलापुरती जागा माणसाला जन्मभर पुरते, हे मी लहानपणीच गृहीत धरले ते त्याच्यामुळे. माझेही काम आता एका टेबलावरच चालते. फक्त मला दर वर्षी त्याचा अहवाल द्यावा लागतो.

अहवालावरून आठवले. शाळेची सहल दर वर्षी पाटणादेवीला जाई. तिथे इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजाने त्याला देणगी दिली, असा त्यातला मजकूर. आमच्या गुरुजींनी तो मोठ्या अभिमानाने सांगितला होता. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नाही. आता अनुदानाचे अर्ज भरताना वाटते, या बाबतीत आमचा तालुका आठशे वर्षांचा अनुभवी आहे!

पण माझ्या या कामाचे खरे कुलवृत्त पाटणादेवीचे नव्हे, परळचे. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत खानोलकरांनी उभ्या केल्या, आणि १९५२ साली परळलाच कर्करोग संशोधनाचे केंद्र निघाले. तेच पुढे टाटा रुग्णालयाशी जोडले गेले आणि २००२ मध्ये खारघरला आले. खानोलकरांचा १९४५ चा एक निबंध मी विद्यार्थिदशेत वाचला आणि चक्रावून गेले. माणसाच्या सवयींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन प्रकार त्यात होते, आणि त्यांतला एक होता धोतराचा कर्करोग! वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी करकचून धोतर नेसले की तिथली कातडी काळवंडते, जाड होते, कधी चिघळते. आणि क्वचित त्या जखमेचा कर्करोग होतो. माझ्या आजोबांच्या कमरेला तसा काळा पट्टा होता. आम्ही मुले त्यावरून बोट फिरवीत असू. त्यांना काही झाले नाही. ऐंशी वर्षांचे होऊन ते गेले. पण मुंबईच्या एका शास्त्रज्ञाने माझ्या आजोबांच्या कमरेसारख्या कमरांकडे इतके निरखून पाहिले होते, याने मला फार धीर आला. विज्ञान म्हणजे परदेशातले काहीतरी, अशी माझी तोवर समजूत होती.

खानोलकरांच्या हाताखाली शिकलेल्या कमल रणदिवे यांच्याबद्दलही तेव्हाच कळले. पुण्याच्या समर्थांची ही मुलगी, जन्म १९१७ चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही केले नाही : वनस्पतिशास्त्र घेतले आणि लग्न केले ते गणिताच्या माणसाशी. १९४३ साली एम. एस्सी.साठी तिने अभ्यासली ती सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रे. दिवाळीत आमच्या घरी सीताफळांची टोपली येते तेव्हा मला बाईंची आठवण होते, आणि सीताफळापासून कर्करोगापर्यंत जाणारा रस्ता असू शकतो याची मौज वाटते. मुंबईला आल्यावर त्यांनी खानोलकरांकडे उंदरांतल्या स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास केला, आनुवंशिकतेशी त्याचे नाते शोधले, १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या, पेशी काचेत कशा वाढवायच्या ते शिकल्या आणि परत आल्या. परत आल्या हे महत्त्वाचे. देशातली पहिली अशी प्रयोगशाळा त्यांनी इथे उभी केली. आईने ज्याला विरजण म्हटले ते इथे कुणी लावले असेल तर कमलबाईंनी. पुढे पद्मभूषण मिळाले, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या पाहण्याही त्यांनी केल्या. या सगळ्यापेक्षा मला त्या सीताफळाच्या दिवसांतल्या कमलबाई जवळच्या वाटतात. पुढे काय होणार हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते.

आता माझा प्रश्न. तंबाखू, सुपारी, गुटखा खाणाऱ्यांच्या तोंडात पुष्कळदा आतून पांढरा चट्टा उठतो. दुखत नाही, खुपत नाही, पुसला जात नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सुपारीवर नाही, आणि तंबाखूशिवाय नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते हे २००४ पासून जगन्मान्य आहे. तर अशा चट्ट्यांपैकी बहुतेकांचे पुढे काही होत नाही. थोड्यांचा मात्र कर्करोग होतो. दिसायला दोघे सारखेच. कोणता कोणत्या वाटेने जाणार हे आधी ओळखता येईल का? जुन्या रोग्यांच्या चट्ट्यांचे तुकडे मेणात जपून ठेवलेले असतात. पुढे कुणाचे काय झाले तेही नोंदलेले असते. मी त्या तुकड्यांच्या कागदाहून पातळ चकत्या रंगवून पाहते. पेशीत पी-५३ नावाचे एक प्रथिन असते. बिघडलेल्या पेशीला ते वाढू देत नाही, घरातल्या कडक आजीसारखे. ते कुठे निकामी झाले आहे, कितपत झाले आहे, आणि त्यावरून काही भाकीत करता येते का, एवढ्या एका गोष्टीवर माझी सहा वर्षे गेली आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला दवाखाना उठत आला होता. शेवटी फुई आली. फुई म्हणजे आत्या. आमच्याकडे फुईच म्हणतात. नानांहून सात वर्षांनी मोठी, दोन घरे सोडून राहते. तिचे यजमान गिरणीत होते, आता नाहीत. ती सहसा आजाराबद्दल बोलत नाही. सगळे गेल्याची खात्री करून ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “माय, तू डागतर शे ना? देख, मन्हा तोंडमा काय शे.”

मी मोबाइलचा दिवा लावला. डाव्या गालाच्या आत, दाढेजवळ, रुपयाएवढा पांढरा चट्टा. कडेला थोडी लाली. असे चट्टे मी शेकड्यांनी पाहिले होते. पण रंगवून, काचेवर, क्रमांक टाकलेले. त्याच्याभोवती गाल असतो, गालाला सुरकुत्या असतात, आणि त्या सुरकुत्यांच्या वर दोन डोळे आपल्याकडे पाहत असतात, याची मला सवय नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. फुई मशेरी लावते. आमच्या बोलीत मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावून बसायचे. मी आठ-दहा वर्षांची असताना ती भाजायचे काम माझ्याकडे होते. परसदारी चुलीवर जुना तवा ठेवून, ठसकत, डोळे पुसत मी ती भाजत असे, आणि फुई मला एक रुपया देई. तो रुपया मला फार आवडे. आता त्या चट्ट्याच्या आकाराकडे पाहताना मला नेमका तोच आठवला.

“कधीपासून आहे?”

दोन वर्षे होऊन गेली होती. एका दवाखान्यात दाखविलेही होते. तिथे उष्णता आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या आणि ताक प्यायला सांगितले होते. ताक ती नेमाने पीत होती.

मग तिने तो प्रश्न विचारला. “हाई कॅन्सर व्हई का नही, इतलंच सांग.”

इतकेच! वाचकहो, माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर हाच प्रश्न आहे, फक्त अहिराणीत नाही. त्याच्यापुढे एकशे ऐंशी पाने आहेत. शंभर चट्टे माझ्यापुढे ठेवा. त्यांतल्या साधारण कितींचे काय होईल ते मी बऱ्यापैकी सांगू शकेन. फुईचा मात्र एकच गाल. त्याला शेकडेवारी कशी लावायची? “बहुतेकांचं काही होत नाही” असे म्हणावे तर ती उठून घरी जाईल आणि पुन्हा दोन वर्षे ताक पिईल. “होऊ शकतो” म्हणावे तर तिची दिवाळी गेली. मी तिच्या हातात करंजी दिली, परत घेतली, आणि म्हणाले, “फुई, मला माहीत नाही. तुकडा काढून पाहावा लागेल. माझ्याबरोबर मुंबईला चल.”

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. इतकी शिकून हिला माहीत नाही, असे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. तिची ती निराशा मी अजून विसरलेले नाही. गुडघेवाल्यांनी मला असे कधी पाहिले नव्हते.

ती आली मात्र. चाळीसगाव ते मुंबई सव्वातीनशे किलोमीटर. सारी वाट ती खिडकीशी बसून होती आणि इगतपुरीपर्यंत एक शब्द बोलली नाही. रुग्णालयात तुकडा काढण्यापूर्वी कागद पुढे आला. तपासून उरलेला भाग संशोधनासाठी ठेवला तर चालेल का, असे त्यात विचारले होते. मी तो तिला वाचून दाखविला, सावकाश, दोनदा. कारण मला एक जुनी गोष्ट ठाऊक होती. कमलबाई ज्यांच्याकडे शिकल्या त्याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णी बाईच्या कर्करोगाचा तुकडा पोचला होता. तिला कुणी विचारले नव्हते. त्या पेशी काचेत वाढल्या आणि वाढतच राहिल्या. जगभर गेल्या, आमच्याही शीतपेटीत आहेत. बाई त्याच वर्षी ऑक्टोबरात वारली. घरच्यांना या गोष्टीचा पत्ता लागायला वीसएक वर्षे जावी लागली.

फुईने कागद ऐकून घेतला आणि विचारले, “तुन्हाकडे ठेवशी?” माझ्याकडे म्हणजे संस्थेत, असे मी सांगितले. “ठेव. पन मन्हं नाव लावजो.”

नाव लावता येत नाही, फक्त क्रमांक, असा नियम आहे. तो तिच्याच भल्यासाठी आहे. हे मी तिला सांगितले. तिला ते पटले नाही. डब्यावर नाव नसेल तर लोणचे कुणाचे हे कसे कळायचे, असा तिचा सवाल होता. पण सही तिने केली, सातवीपर्यंत शिकलेल्या स्वच्छ अक्षरात, पूर्ण नावानिशी.

निकाल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी माझ्या बाटल्यांपाशी काढले, आणि त्यांतल्या दोन मी चक्क बुरशी लावून घालविल्या. कर्करोग नव्हता. पण सारे ठीकही नव्हते : पेशींची शिस्त मोडू लागली होती, मध्यम प्रमाणात. चट्टा काढून टाकला. दर चार महिन्यांनी दाखवायला यायचे ठरले, आणि मिसरी बंद.

फुई येते. तपासणी झाली की माझ्याकडे दोन दिवस राहते, माझ्या भांड्यांना नावे ठेवते आणि कळण्याची भाकरी करून घालते. पीठ ती चाळीसगावहून आणते. नव्या मुंबईच्या पिठावर तिचा विश्वास नाही. मिसरी सोडली असे सांगते. गेल्या खेपेला परसदारचा तवा मला जरा जास्तच काळा वाटला. मी विचारले नाही. कामाच्या जागी मी एकही शंका विचारल्यावाचून सोडीत नाही; इथे मला धीर झाला नाही.

एकदा तिला माझी खोली दाखवायला नेले. उणे ऐंशी अंशांची शीतपेटी उघडली तशी वाफ बाहेर आली आणि ती दोन पावले मागे सरली. एका डबीत एक्क्याऐंशी कुप्या, नवाच्या नऊ ओळी. अशा कितीतरी डब्या. “मन्हा तुकडा कोनता?” मला माहीत नाही म्हटले. या वेळी ती निराश झाली नाही. मला माहीत नसण्याची तिला आता सवय झाली आहे. पेटीकडे पाहून तिने पदर सारखा केला, जसा ती नातेवाइकांच्या घरी जाताना करते.

यंदाच्या भाद्रपदातल्या तपासणीत जुन्या जागेच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ दिसली. काही नसेलही, चार महिन्यांनी पाहू, असे डॉक्टर म्हणाले. चार महिने म्हणजे पौष. मधे दिवाळी आहे. वसुबारसेला मी घरी पोचेन, ओटीवर गुडघे जमतील, आणि सगळे उठून गेले की फुई येऊन समोर बसेल. मोबाइलच्या उजेडात कडा नीट दिसत नाही, म्हणून या वेळी मी एक छोटी विजेरी घेतली आहे.